बागेतल्या चार लाकडी आकृत्या : इंदूरमधील प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

प्रकल्पाची चौकट आज ठरली. इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका सार्वजनिक बागेत, मधल्या पायवाटेच्या कडेने, लाकडात कोरलेल्या चार मानवाकृती उभ्या करायच्या आहेत. तीन आकृत्या जुन्या सागवानी तुळयांतून निघतील आणि चौथी गेल्या पावसाळ्यात त्याच बागेत उन्मळून पडलेल्या कडुलिंबाच्या खोडातून. जमिनीपासून उंची साधारण २.१ मीटर, म्हणजे माणसापेक्षा थोडी जास्त. कारण मोकळ्या आकाशाखाली माणसाच्याच उंचीची आकृती प्रत्यक्षाहून लहान दिसते.

एकाही आकृतीला नाव असणार नाही आणि ओळखू येईल असा चेहराही असणार नाही. आपल्याकडे चौकातला पुतळा म्हणजे कोणीतरी थोर व्यक्ती, खाली कोनशिला आणि वर्षातून दोनदा हार, अशी सवय झालेली असल्यामुळे रहिवाशांच्या बैठकीत पहिलाच प्रश्न "पण हे नेमके कोण?" असा आला. त्यावर मी दिलेले उत्तर कोणालाही पटलेले दिसले नाही. मला स्वतःला मात्र या प्रश्नापेक्षा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे उघड्यावरच्या लाकडात माणसाचे किती तपशील टिकू शकतील. आकृती किती साधी करायची हे माझ्या आवडीनिवडीवर न सोडता पाऊस, ऊन आणि लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) यांच्यावर सोडायचे, असे मी ठरवले आहे.

२६ नोव्हेंबर

जुन्या लाकडाच्या वखारीतून तुळया निवडल्या. पाडलेल्या वाड्यांचे सागवान इंदुरात अजून मिळते आणि ते नव्या लाकडापेक्षा या कामाला कितीतरी बरे, कारण ते कित्येक दशके छपराखाली वाळत राहिलेले असते. आर्द्रतामापकाने तिन्ही तुळयांमध्ये १० ते १२ टक्के ओलावा दाखवला. छेद २८ × २८ सेंटिमीटर, लांबी तीन मीटरच्या आतबाहेर. दर घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो या हिशोबाने एक तुळई दीडशे किलोच्या जवळपास जाते.

तुळया झाडाच्या मधल्या गाभ्यासकट कापलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या एका बाजूला लांब चीर आहे. वखारवाल्याने ती चीर दोष समजून भाव थोडा कमी केला. माझ्या दृष्टीने ती चीर पडून स्थिर झालेली असणे हाच मोठा फायदा आहे, कारण लाकडाला जे फाटायचे होते ते केव्हाच फाटून झालेले आहे. एका बाजूला ठरावीक अंतरावर छताच्या आडव्या लाकडी कड्या बसवण्याच्या खाचा आहेत. पाणी साठण्याच्या दृष्टीने त्या धोक्याच्या आहेत. त्यांची जागा पाहूनच आकृतीची मान आणि कंबर ठरवावी लागेल.

संध्याकाळी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले. जुन्या घडीव खिळ्यांभोवती सागवान काळेनिळे झालेले आहे. लाकडातली टॅनिनसारखी द्रव्ये, लोखंड आणि ओल एकत्र आली की हा डाग पडतो. पायाच्या जोडणीसाठी साधे लोखंड वापरायचे नाही, हे इथेच नक्की झाले.

५ डिसेंबर

आजचा दिवस कागदावर आणि छोट्या नमुन्यांवर गेला, आणि सगळ्या प्रकल्पाचा कणा त्यातून हाती लागला.

अडचण अशी की २.१ मीटर उंचीच्या माणसाचे खांदे पन्नास सेंटिमीटरच्या घरात जातात आणि तुळई आहे अठ्ठावीसची. बाजूने तुकडे जोडणे शक्य आहे. जपानी मूर्तिकारांनी अकराव्या शतकात अनेक ठोकळे जोडून, आतून पोकळ मूर्ती घडवण्याची पद्धत पूर्णत्वाला नेली. ब्योदो-इन मंदिरातली १०५३ सालची अमिदा बुद्धाची मूर्ती तशीच घडवलेली आहे. पण ती मूर्ती छपराखाली आहे. उघड्यावर प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण असते.

म्हणून आकृती तुळईत सरळ न बसवता ४५ अंशांनी फिरवली. अठ्ठावीसच्या चौरसाचा कर्ण ३९.६ सेंटिमीटर भरतो. खांदे या कर्णावर घेतले आणि टोके पाच सेंटिमीटर जाडीपर्यंत बोथट केली, तरी साडेचौतीस सेंटिमीटर रुंदी हाती राहते. पन्नास नाही, पण निमुळती आकृती त्यात उभी राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा कर्ण पुढून मागे जातो, त्यामुळे तुळईची एक धार आकृतीच्या बरोबर मधून, कपाळापासून पावलांपर्यंत उतरते. चेहऱ्याला नाक वेगळे कोरावे लागत नाही. ती धारच नाक होते आणि तिच्या दोन बाजूंची प्रतले गाल होतात. सकाळी एक गाल उजेडात आणि दुसरा सावलीत असतो, दुपारनंतर उलट. डोळे आणि ओठ नसतानाही समोर चेहरा आहे हे वीस मीटरवरून कळते.

२८ मिलिमीटरच्या चौकोनी काठ्यांवर दहापट लहान नमुने केले. खऱ्या माणसात डोके उंचीच्या साधारण साडेसातव्या भागाइतके असते. इथे ते सहाव्या भागाइतके घेतले, नाहीतर दुरून आकृती खांबासारखी दिसते. हात धडापासून सुटे नाहीत, फक्त तीन सेंटिमीटर खोल तिरप्या खोबणीने दाखवलेले आहेत. लाकडाची ताकद रेषेच्या दिशेने असते आणि पुढे केलेला हात रेषेला आडवा जातो. असा हात बागेत एक उन्हाळा टिकला तरी पुष्कळ, आणि एखादे मूल त्याला लोंबकळले तर तेवढाही टिकणार नाही.

बैठकीतल्या एका आजींना नमुने दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ही तर आमची ठकी!" लाकडाच्या ठकी बाहुलीलाही हातपाय नावालाच असतात आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी तिचे लग्न लावले आहे. "हे नेमके कोण?" या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्याकडे नव्हते.

१६ डिसेंबर

खर्चाच्या चर्चेत विषय निघाला की हेच नमुने लाकडात कोरून नंतर काशात (ब्राँझमध्ये) का ओतू नयेत. सूचना अडाणीपणाची नाही. जर्मन शिल्पकार श्टेफान बाल्केनहोल ओंडक्यातून माणसे कोरतो आणि पटाशीच्या खुणा तशाच ठेवतो, पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या त्याच्या अनेक आकृत्या लाकडावरून ओतलेल्या काशाच्या आहेत.

आपल्या शहराशी जोडलेले उदाहरण त्याहून बोलके आहे. इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधून घेणारे महाराजा यशवंतराव होळकर यांनी रोमानियन शिल्पकार ब्रांकुसीची पक्षिशिल्पे विकत घेतली आणि त्याला ध्यानमंदिराचे काम सोपवले. १९३७-३८च्या हिवाळ्यात ब्रांकुसी त्यासाठी इंदूरला येऊन गेला. मंदिर झाले नाही, पण त्यात ठेवण्यासाठी योजलेली तीन मीटर उंचीची ओकची आकृती आज 'राजांचा राजा' या नावाने न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात आहे. डोक्यावर मुकुटासारखा भाग, खाली एकावर एक रचल्यासारखे कापलेले घनाकार. शरीराचा एकही अवयव धड दाखवलेला नाही आणि तरी समोर कोणीतरी उभे आहे याबद्दल शंका उरत नाही. त्याच १९३८ साली रोमानियात तर्गू-जिऊ गावी त्याने उघड्या माळावर 'अंतहीन स्तंभ' उभारला. या स्तंभाची १९१८ची आवृत्ती ओकची होती. माळावरचा मात्र ओतीव लोखंडाचा आहे आणि त्यावर पितळेचा थर आहे. छपराखाली लाकूड आणि पावसात धातू, असा त्याचा हिशोब दिसतो.

असे असूनही आम्ही लाकडावरच थांबलो. कारणांमध्ये पैसा आहेच. दुसरे कारण असे की या आकृत्या कायमच्या असाव्यात असा माझा आग्रह नाही. पुरीच्या जगन्नाथाची कडुलिंबाची मूर्ती, जी स्वतः मानवाकृतीच्या अत्यंत धाडसी सुलभीकरणाचा नमुना आहे, ठरावीक वर्षांनी बदलली जाते. १९९६ आणि २०१५ साली असे नवकलेवर झाले. नव्याने घडवण्याची रीत ठरलेली असेल, तर लाकूड नाशवंत असणे ही अडचण उरत नाही. कमिटीच्या कागदावर मी "अपेक्षित आयुष्य १५ ते २० वर्षे, त्यानंतर बदल" असे स्पष्ट लिहून घेतले आहे.

२ जानेवारी २०२५

कडुलिंबाच्या खोडाची तयारी केली. व्यास ४८ सेंटिमीटर, साल काढलेली, आतून अजून ओले. मापक तीसच्या वर जातो आणि तिथून पुढचा त्याचा आकडा भरवशाचा नसतो. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड आकसू लागते. वर्षवलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या निम्म्यानेच गाभ्याकडून सालीकडे आकसते, आणि उंचीत जवळजवळ आकसतच नाही. या विषमतेमुळे गाभ्यासकटचे गोल खोड फाटणारच; फक्त कुठे फाटायचे ते आपण ठरवू शकतो. पाठीच्या मधोमध चेनसॉने गाभ्यापर्यंत उभी चीर दिली, रुंदी ८ मिलिमीटर. आता आकसण्याचा ताण या चिरेत मोकळा व्हावा आणि चेहऱ्याची बाजू शाबूत राहावी, अशी अपेक्षा आहे. मध्ययुगीन युरोपातले मूर्तिकार याच कारणासाठी मूर्तीची पाठ कोरून पोकळ करत.

दोन्ही टोकांना मेण लावले, कारण उभ्या तंतूंच्या टोकांतून ओल बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने सुटते. कीड आणि बुरशी रोखणारे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण ओल्या लाकडात आपोआप आत पसरते, म्हणून ते आताच दोन थरांत दिले.

२१ जानेवारी

पहिल्या तुळईचे काम मध्यावर आले आहे. मानेच्या आणि कमरेच्या जागी करवतीने ठरलेल्या खोलीपर्यंत आडवे काप दिले आणि मधला भाग वाकसाने तासून काढला. मान नेमकी कडीच्या एका खाचेवर आणली, त्यामुळे ती खाच टाकाऊ भागात निघून गेली. दुसरी खाच मांडीवर येते. तिथे त्याच तुळईच्या तुकड्याचे ठिगळ, रेषा जुळवून, बसवले.

काम कुठल्या दिशेने करायचे हे मिस्त्री हाताने सांगतात, तोंडाने नाही. उंचवट्यावरून खोलगट भागाकडे पटाशी चालली की पातळ सालपट निघते. खोलातून वर चढली की रेषा उलटी लागते आणि ढलपा आत ओढला जातो. म्हणजे कमरेसाठी वरून खाली आणि खालून वर असे दोन्हीकडून कमरेच्या तळाशी येऊन थांबावे लागते. सागवानात गारेसारखे बारीक कण असतात. ते धार खातात, त्यामुळे कोरण्याइतकाच वेळ दगडावर पटाशी घासण्यात जातो. सागाच्या भुशाने खाज येते आणि घसा धरतो; तोंडाला फडके पुरत नाही, मास्कच लागतो.

मिस्त्रींचा आणि माझा एक मतभेद इथे नोंदवून ठेवतो. त्यांच्या मते रंधा आणि पॉलिशपेपर फिरल्याशिवाय काम पुरे होत नाही. "लोक म्हणतील, अर्धवट सोडले," असे ते म्हणाले. माझे म्हणणे असे की धारदार पटाशीने तंतू स्वच्छ कापले जातात, तर कागदाने घासलेल्या पृष्ठभागावर ते पहिल्याच पावसात फुगून उभे राहतात आणि ओल धरून ठेवतात. शिवाय मोठी प्रतले गुळगुळीत केली की त्यांचे फर्निचर होते. शेवटी असे ठरले की मुलांचा हात पोहोचेल तिथपर्यंत कडा हलक्या गोल करायच्या आणि बाकी पृष्ठभाग पटाशीचाच ठेवायचा.

१२ फेब्रुवारी

दुसरी आकृती स्त्रीची आहे. त्यासाठी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरणारा एकच तिरपा काप दिला, पदराचा. पाठीमागे कासोट्याची एक उभी घडी ठेवली. उरोभाग, केस, दागिने यांपैकी काहीही नाही, आणि त्यांची उणीवही भासत नाही. कापाचा उतार असा आहे की त्यात पाणी थांबत नाही. बागेत फिरायला येणाऱ्या दोघी मावशींनी शेडमध्ये डोकावून "ही नऊवारीतली" असे लांबूनच सांगितले.

पायांच्या मध्ये फट ठेवावी का, यावर पुष्कळ विचार केला. फट आरपार नसेल तर तिच्यात पाला आणि पाणी साचते. आरपार असेल तर वरच्या टोकाला तंतूंची टोके उघडी पडतात. दोन आकृत्यांचे पाय मिटलेलेच ठेवले. तिसरीची फट खालपर्यंत मोकळी सोडली आणि तिचे वरचे टोक उलट्या 'व्ही'सारखे निमुळते केले.

डोक्याचा माथा ही सर्वांत नाजूक जागा आहे, कारण तिथे सगळे तंतू आकाशाकडे तोंड करून उघडे असतात. माथा मागच्या बाजूला उतरता कापला, म्हणजे पाणी चेहऱ्यावरून न येता पाठीमागे पडेल. यामुळे आकृत्या किंचित वर पाहत आहेत असा भास होतो. हा भाव मी योजलेला नव्हता. तो उताराबरोबर आला आणि मला तो मान्य आहे. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळक्या मुळांत आणि टाकाऊ वस्तूंत माणसे पाहत आणि इतरांनाही दाखवत. इथला मार्ग वेगळा आहे, कारण मी तुळईतला माणूस मापाने काढतो आहे. पण लाकूड जे आपणहून देते ते नाकारू नये, एवढे गुरुजींच्या इंदुरात राहून कळायला हरकत नाही.

१७ मार्च

परवा रंगपंचमी. इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि पाण्याच्या तोफा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. तेल न लावलेले सागवान रंग असा पिते की तो नंतर तासूनच काढावा लागतो, म्हणून चारही आकृत्या मेणकापडात गुंडाळून शेडच्या आतल्या भिंतीला नेल्या. पुढच्या वर्षीपासून त्या उघड्यावर असतील आणि रंग लागणारच. त्यासाठी चकचकीत व्हार्निश मात्र नको. ते उन्हाने तडकते, तड्यातून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. जवसाचे उकळलेले तेल आणि टर्पेंटाइन यांचे पातळ थर द्यायचे ठरले.

११ एप्रिल

पाया. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता चौथरा टाकला तर दोन वर्षांत आकृती कलते. मुरूम लागेपर्यंत, म्हणजे इथे साधारण १.३ मीटर, खणून काँक्रीट भरले.

१४ मे

आकृत्या उभ्या केल्या. प्रत्येकीच्या तळाशी उभी खाच घेऊन तिच्यात स्टेनलेस स्टीलची ८ मिलिमीटर जाडीची पट्टी सरकवली आणि दोन आडवे बोल्ट घातले. लाकूड काँक्रीटला टेकत नाही. मध्ये पाच सेंटिमीटर मोकळी जागा आहे. तिथून वारा जातो, शिंतोडे लवकर वाळतात आणि वाळवीला वर चढायचे झाले तर तिची मातीची नळी उघड्यावर दिसेल. एका गृहस्थांनी ही फट सिमेंटने बुजवून "फिनिशिंग" करून देण्याची तयारी दाखवली. त्यांना थांबवावे लागले.

कडुलिंबाच्या पाठीची चीर आता १९ मिलिमीटर झाली आहे आणि समोरच्या बाजूला फक्त केसासारख्या बारीक रेषा आहेत. माथ्यावर तांब्याच्या पत्र्याची टोपी बसवली. ती फक्त या एका आकृतीला, कारण कडुलिंब सागाइतका तेलकट नसतो.

२९ जुलै

जोराच्या पावसात छत्री घेऊन पाणी कसे वाहते ते पाहिले. तुळयांच्या तिन्ही आकृत्यांवर पाणी पुढच्या धारेवरून फुटून दोन्ही बाजूंना जाते आणि हनुवटीच्या खालच्या कापावरून ठिबकते. इंदूरच्या होळकर राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडाचे. राजवाड्याचा मोठा भाग १९८४ साली आगीने खाल्ला, पावसाने नाही, कारण पुढे आलेली पागोळी लाकडाला पावसापासून वाचवते. आकृतीला हनुवटी आणि खांदे याच पागोळ्या. स्त्रीच्या आकृतीत पदराचा काप कमरेशी जिथे संपतो तिथे पाणी रेंगाळते. पाऊस उघडला की तिथे बोटभर उतार वाढवायचा.

कडुलिंबाच्या आकृतीच्या पायाशी हळदकुंकू वाहिलेले आहे आणि कोणीतरी कपाळाला शेंदूर लावला आहे. माळ्याने पुसू का म्हणून विचारले, मी राहू द्या म्हटले. नाव न दिलेल्या आकृतीला लोकांनी नाव द्यायला सुरुवात केली, तर ती रोखण्याचा अधिकार शिल्पकाराला आहे असे मला वाटत नाही. तेलात कालवलेल्या शेंदराने लाकडाचे काही बिघडत नाही. फक्त शेंदूर शिशाचा असू शकतो, म्हणून मुलांचा हात पोहोचेल तिथे तो लावू नये, असे माळ्यामार्फत सांगितले आहे.

६ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची तपासणी. सागवानात १६ टक्के ओलावा, तळाशी १८. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीसच्या वर लागतो. कडुलिंबाची चीर पावसात १५ मिलिमीटरपर्यंत मिटली होती, आता पुन्हा उघडू लागली आहे. ती भरायची नाही, कारण आत घट्ट बसवलेली पट्टी पुढच्या पावसाळ्यात लाकडालाच पाचरीसारखी फोडेल. उन्हाच्या बाजूची प्रतले राखाडी पडली आहेत. हा थर अगदी वरवरचा असल्यामुळे तो तसाच ठेवला. पदराच्या टोकाचा उतार मिस्त्रींनी आज वाढवला. तेलाचा पुढचा थर दिवाळीनंतर, ओलावा १२ टक्क्यांखाली आल्यावर. वखारीत चौदा फुटी आणखी एक तुळई पाहून ठेवली आहे. तिच्यातून बसलेली आकृती निघेल की नाही, हे कर्ण मोजल्यावर कळेल.